सोळा गुणसूत्रं आणि एक चाळ



पेशी कशी दुभंगते हे शिकवायचं म्हटलं की जगभरच्या प्रयोगशाळांत कांदा विकत आणला जातो. लासलगावात तो विद्यार्थ्यांच्या पिशवीतून येतो. बाजार समितीच्या आवारात लिलावाला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा ओलांडूनच इथली कितीतरी मुलं-मुली कॉलेजात पोचतात, आणि त्यांच्या घरी कांदा साठवायची चाळ असते.

प्रात्यक्षिकाच्या दोन-तीन दिवस आधी काचेच्या बरणीवर, बूड जेमतेम पाण्याला टेकेल असा कांदा ठेवतात. पांढरी मुळं फुटली की सकाळच्या वेळी त्यांची टोकं खुडायची, अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात घालायची, सौम्य आम्लात गरम करून मऊ करायची. मग काचपट्टीवर रंगाचा थेंब, वर कव्हरस्लिप, टिपकागद, आणि अंगठ्याचा सरळ दाब. अंगठा जरा सरकला तरी सगळी मेहनत वाया. नीट जमलं तर भिंगाखाली लालसर दोऱ्यांचे पुंजके दिसतात. एका पुंजक्यातले दोरे म्हणजेच गुणसूत्रं; मोजली की भरतात सोळा. ज्याला पहिल्यांदा दिसतात तो शेजारच्याला हाक मारतो आणि एका सूक्ष्मदर्शकाभोवती चार डोकी गोळा होतात. पदव्युत्तर वर्गाची दोन वर्षं अशीच जातात. रंगाची बाटली एकाची, धीर दुसऱ्याचा आणि रात्री उशिरा पुरं होणारं जर्नल सगळ्यांचं.

या साध्या प्रयोगाची वंशावळ मोठी आहे. १९३८ साली स्वीडनच्या आल्बर्ट लेवान यांनी कांद्याच्या मुळांवर, पेशीविभाजन अडवणाऱ्या कोल्चिसिनचा परिणाम तपासला. आजही पाण्यातली विषारी द्रव्यं ओळखायला कांद्याची मुळं वापरतात. त्याच लेवान यांनी जो हिन त्जिओ यांच्यासोबत १९५६ साली माणसाची गुणसूत्रं ४६ असल्याचं दाखवलं. तोवर सगळे ४८ धरून चालले होते. दोघांचेही हात वनस्पतींच्या पेशींवर काम करताना तयार झाले होते.

त्याच पेशीविभाजनाचा दुसरा धडा लासलगावातच उभा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ साली इथे सुरू झालं. कोबाल्ट-६० मधून निघणारे गॅमा किरण कांद्यावर सोडले की आतल्या अंकुरबिंदूतल्या, दुभंगायच्या तयारीत असलेल्या पेशींचं काम थांबतं आणि कोंब फुटत नाही. त्यासाठी ६० ते ९० ग्रे एवढी अल्प मात्रा पुरते. कांदा त्यामुळे किरणोत्सर्गी होत नाही. विद्यार्थी काचपट्टीवर जे घडताना पाहतात, तेच ‘कृषक’मध्ये थांबवलं जातं. याच केंद्राचा उपयोग आंब्यालाही झाला. भारतीय आंब्याला अमेरिकेची दारं १९८९पासून बंद होती. ती २००७ साली उघडली, तेव्हा पहिला आंबा याच केंद्रातून विकिरण होऊन गेला. कांद्याच्या गावानं हापूसची वाट मोकळी केली, त्यामागे जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र या दोघांची जोडी होती.

लासलगाव ज्यात येतं त्या निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी संशोधनातून आलेली नावं सहज असतात. निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे ‘त्र्यंबक’ आणि ‘तपोवन’ हे वाण, पिंपळगाव बसवंतचा ‘एन-२-४-१’ कांदा, राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचा ‘भीमा शक्ती’. प्रत्येक वाणामागे वर्षानुवर्षं वाफ्यावर वाकून नोंदी घेणारी माणसं आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची नावं कुठेच छापली गेली नाहीत.

एक नाव मात्र प्रत्येक स्नातकाला माहीत हवं. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आधी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवून त्या विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला मानल्या गेल्या. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कशावर काम केलं? नीरेवर, कडधान्यांवर, गरिबाच्या ताटात जे पडतं त्यावर. कुपोषित मुलांना नीरेचा उपयोग होतो हे त्यांच्या प्रयोगांतून पुढे आलं.

लासलगावच्या ताटातला प्रश्न अजून सुटलेला नाही. उन्हाळ कांदा एप्रिलच्या सुमारास चाळीत जातो आणि भाव पाहत पावसाळ्यानंतरपर्यंत थांबतो. तेवढ्या काळात वजन घटतं, काजळी धरते, सड लागते, कोंब येतात. ३० ते ४० टक्के माल असा जाऊ शकतो. विकिरणानं कोंब थांबतो, सड थांबत नाही. काजळी हे बुरशीचं काम, सड हे बुरशी आणि जिवाणू दोघांचं, वजनाची घट पेशींच्या श्वसनामुळे आणि बाष्पीभवनामुळे. म्हणजे वनस्पतिशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र यांचा हा सामायिक पेपर आहे, आणि तो शेतकऱ्याचं अख्खं वर्ष खातो.

हा पेपर सोडवायची एक रीत जवळच पाहायला मिळते. लासलगावपासून काही कोसांवर गोदावरी आणि कादवेच्या संगमाशी नांदूर मध्यमेश्वर आहे, जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०१९ साली नोंदली गेलेली महाराष्ट्राची पहिली जागा. तिथे दोनशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. थंडीत पहाटे दुर्बीण फिरवत बदकं मोजणाऱ्या टोळीला ठाऊक असतं की एकट्याची मोजणी चुकते; दोघांनी मोजावं, तिसऱ्यानं लिहावं.

तीच रीत चाळीला लावता येईल. यंदाच्या स्नातकांपैकी चौघांनी एकत्र येऊन एक चाळ निवडावी. आत तापमापक आणि आर्द्रतामापक टांगावेत. २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता कांद्याला मानवते. हे प्रमाण किती दिवस टिकतं ते रोज टिपावं. दहा गोण्यांवर खूण करून दर रविवारी त्या तोलाव्यात. सडलेला कांदा उकिरड्यावर जाण्याआधी त्याचा तुकडा भिंगाखाली धरावा. दिवाळीपर्यंत वही भरेल. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना मराठीतून वाचून दाखवावी आणि मग विभागाच्या टेबलावर ठेवावी. पुढच्या वर्षीची तुकडी तिथूनच पुढचं पान उघडेल.