सुवेझच्या कालव्याचें मूळ

भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र यांना जोडणारा सुवेझचा कालवा हें प्रथमदर्शनीं स्थापत्यशास्त्राचें काम वाटतें. वस्तुतः त्याचें मूळ राजकारणांत आणि सावकारींत आहे.

इ. स. १७९८ मध्यें नेपोलियन बोनापार्ट इजिप्तांत उतरला, तो इंग्रजांचा हिंदुस्थानशीं असलेला संबंध तोडण्याच्या हेतूनें. त्याच्या मोजणीदारांनीं तांबडा समुद्र सुमारें ३० फूट उंच ठरविला आणि कालव्याचा बेत मागें पडला. १८४७ च्या मोजणीनें ही चूक उघड झाली.

१८५४ सालीं इजिप्तचा अधिपति सैद पाशा यानें आपला जुना स्नेही, फ्रान्सचा माजी वकील फर्डिनांद द लेसेप्स यास सनद दिली. तिची मुदत कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षांची होती. १८५५ सालीं इंग्लंडचे मुख्य प्रधान झालेले लॉर्ड पामर्स्टन यांस हें मानवेना. इजिप्तांतून आगगाडी गेलेली त्यांना चाले. परंतु हिंदुस्थानच्या वाटेवर फ्रेंचांचें ठाणें बसणें त्यांना धोक्याचें वाटे.

१८५८ सालीं कंपनीनें ५०० फ्रँकांचा एक, असे ४ लाख शेअर विक्रीस काढले. निम्म्याहून थोडे अधिक फ्रान्समधील लोकांनीं घेतले. इंग्लंडनें हात आखडला. उरलेल्यांपैकीं बहुतेकांचें ओझें सैद पाशानें उचललें. मजूरहि इजिप्तचेच, हजारों शेतकरी वेठीनें खणावयास लावले गेले. १८६४ सालीं वेठ थांबविण्याचा प्रश्न तिसऱ्या नेपोलियनच्या लवादापुढें गेला. निवाडा असा झाला कीं, वेठ व जमिनी सोडल्याबद्दल इजिप्तनेंच कंपनीस ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यावी.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजीं कालवा खुला झाला. मुंबई लंडनला चार हजारांहून अधिक मैलांनीं जवळ आली. तांबड्या समुद्रांतील वारे शिडाच्या जहाजांना प्रतिकूल. म्हणून लाभ आगबोटींच्या पदरीं पडला, आणि आगबोटींत इंग्रज अग्रेसर होते. ज्यांनीं विरोध केला, त्यांचींच जहाजें कालव्यांतून सर्वांत अधिक जाऊं लागलीं.

१८७५ सालीं कर्जांत बुडालेल्या खेदिव इस्माइलचे १,७६,६०२ शेअर डिझ्रायली यांनीं रॉथ्सचाइल्ड पेढीकडून रक्कम उचलून सुमारें ४० लाख पौंडांस इंग्लंडसाठीं विकत घेतले. १८८० मध्यें नफ्यांतील शेकडा १५ चा हक्कहि इजिप्तच्या हातून गेला, आणि १८८२ मध्यें इंग्रजी फौज आली.

भूमि इजिप्तची, श्रम इजिप्तचे, कर्जहि इजिप्तचें; उत्पन्न मात्र परक्यांचें. १९५६ सालीं नासर यांनीं कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली, तेव्हां सनदेचीं अवघीं १२ वर्षें उरलीं होतीं. तेवढा धीर इजिप्तला कां धरवला नाहीं, याचें बरेंचसें उत्तर या जुन्या हिशेबांत आहे.