आपलंच रक्त, आपलंच औषध?

भाजी चिरताना बोट कापलं की जखमेकडे आधी धाव घेतात त्या रक्तातल्या प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका. डेंग्यूच्या साथीत घरोघरी ज्यांचे आकडे विचारले जातात, त्याच या. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण दीड ते साडेचार लाख असतात. रक्त थांबवून त्यांचं काम संपत नाही. त्यांच्यात साठलेले वाढघटक बाहेर पडतात आणि आसपासच्या पेशी डागडुजीला लागतात.

पीआरपी, म्हणजे ‘प्लेटलेट-रिच प्लाझ्मा’, या उपचाराचा पाया हाच. रुग्णाच्या हातातून रक्त काढून नळीत भरतात आणि ती नळी सेंट्रिफ्यूज यंत्रात वेगानं फिरवतात. बाहेर काढल्यावर तिच्या तळाशी गडद लाल थर दिसतो, वर पिवळसर द्रव आणि मधोमध पांढुरकी पातळ साय. या सायीलगतचा, बिंबिकांनी दाट झालेला द्रव सिरिंजमध्ये ओढून गुडघ्यात, टाळूत किंवा चेहऱ्यावर टोचतात.

1998 मध्ये अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जबड्याच्या हाडाच्या कलमात पीआरपी मिसळली. हाड लवकर आणि अधिक दाट भरल्याचं त्यांना आढळलं. पुढे ही पद्धत खेळाडूंच्या दुखापतींकडे वळली. 2013 मध्ये अमेरिकेतली टीव्ही तारका किम कार्डाशियननं ‘व्हॅम्पायर फेशियल’, म्हणजे चेहऱ्यावरच्या पीआरपीनंतरचा रक्ताळलेला चेहरा जगाला दाखवला आणि सौंदर्याच्या बाजारात या पद्धतीचा बोलबाला झाला.

पुरावा मात्र सगळीकडे सारखा नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या टकलावर काही छोट्या चाचण्यांत केस दाट झालेले दिसले. गुडघ्याचं चित्र वेगळं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ऑस्ट्रेलियातल्या 288 संधिवाताच्या रुग्णांपैकी निम्म्यांना पीआरपी दिली होती आणि निम्म्यांना नुसतं सलाईन टोचलं होतं. वर्षभरानंतर वेदनेत किंवा कूर्चेत लक्षणीय फरक नव्हता. तरीही ‘कूर्चा नव्यानं तयार होते’ असं सांगून पैसे घेतले जातात, हे थांबायला हवं.

स्वतःचं रक्त म्हणजे धोकाच नाही, हाही गैरसमज. अमेरिकेच्या न्यू मेक्सिकोत विनापरवाना चालणाऱ्या एका स्पामध्ये असं फेशियल करून घेतलेल्या स्त्रियांना एचआयव्हीची लागण झाली. तपासात रक्ताच्या नावं नसलेल्या नळ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सापडल्या.

म्हणून सुई टोचून घेण्याआधी डॉक्टरांची नोंदणी पाहावी, सिरिंज आणि नळीचं सील आपल्यासमोर फोडायला सांगावं, नळीवर आपलं नाव आहे ना ते तपासावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील किंवा प्लेटलेट्स कमी असतील, तर ते आधीच सांगावं.