गुण्यात कापलेलं प्लाय

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘आयटीमधलं काहीतरी सांग’ असं म्हटलं होतं. ते मी सांगणार नाही, इथले निम्मे लोक तेच करून दमलेत. मी प्लायवूड कापण्याबद्दल बोलणार आहे. शाळेच्या वाचनालयातली पुस्तकं खोक्यांत पडून आहेत. आपल्या बॅचने जमवलेल्या पैशांत तयार रॅक दोनच येतात आणि लागणार आहेत चार. प्लाय आणि स्क्रू विकत घेऊन मेहनत आपण केली, तर तेवढ्यातच चार होतात. अडचण एकच आहे, कापणी गुण्यात यायला हवी. फळीचं टोक एका अंशाने तिरकं गेलं, तर 60 सेंटिमीटरवर साधारण 10 मिलिमीटरचा फरक पडतो. असं रॅक डुलतं, आणि त्याखाली पाचवीतली मुलं बसणार आहेत.

प्लायचा अख्खा ताव 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 2440 बाय 1220 मिलिमीटर. 19 मिलिमीटर जाडीचा ताव 35-40 किलो भरतो. तो टेबलावरच्या करवतीवर ढकलत नेणं आपल्या वयाला झेपणारं नाही. म्हणून ताव जागेवर ठेवायचा आणि करवत त्याच्यावरून न्यायची. ट्रॅक सॉ म्हणजे तेवढंच: ॲल्युमिनियमचा रूळ आणि त्यावरून सरळ धावणारी करवत. नामांकित कंपनीची घ्यायची तर रुळासकट काही दहा हजार जातात. साधी 7 इंची सर्क्युलर सॉ त्याच्या मानाने फार स्वस्त, आणि रूळ आपण घरी करू शकतो.

तो असा. 6 मिलिमीटर प्लायची साधारण फूटभर रुंद, लांब पट्टी घ्यायची. तिच्यावर दुसरी अरुंद पट्टी चिकटवायची, जिची एक कड कारखान्यातून आलेली, अगदी सरळ आहे. ॲल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडचा चौकोनी पाइपही चालतो. मोटर अडणार नाही इतकीच तिची उंची ठेवा. आता करवतीची बैठक या सरळ कडेला टेकवून एकदा चालवायची. खालच्या पट्टीचा जादा भाग कापला जातो, आणि उरलेली कड म्हणजे पातं नेमकं जिथून जातं ती रेघ! पुढे ही कड पेन्सिलच्या खुणेवर ठेवायची, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावायचे आणि कापायचं. शिवाय रूळ वरून दाबून धरत असल्यामुळे त्या बाजूच्या कपच्या उडत नाहीत. पातं खालून वर येतं, म्हणून तावाची चांगली बाजू खाली ठेवायची. खाली चार लाकडी पट्ट्या टाकायच्या आणि पातं तावाच्या खाली 4-5 मिलिमीटरच बाहेर ठेवायचं.

रूळ सरळ कापतो, काटकोनात कापतोच असं नाही. आधी तावाचे कर्ण मोजा: दोन्ही 2728 मिलिमीटरच्या आसपास आणि एकमेकांइतके हवेत. मग आपला गुण्या तपासा. सरळ कडेला टेकवून रेघ मारा, गुण्या उलटवून त्याच बिंदूतून पुन्हा मारा. दोन रेघांमध्ये जी फट दिसते, ती गुण्याच्या चुकीच्या दुप्पट असते. भूमितीच्या सरांनी शिकवलेलं 3-4-5 मोठ्या मापाला आजही उत्तम चालतं.

आडव्या कापांसाठी रुळाच्या टोकाला खालून एक पट्टी बसवायची, चित्रकलेतल्या टी-स्क्वेअरसारखी. एक स्क्रू पक्का, दुसरा तात्पुरता. आता माझी आवडती चाचणी. साधारण 60 सेंटिमीटरचा टाकाऊ चौकोन घ्या. एक बाजू कापा, मग कापलेली कड पट्टीला टेकवून पुढची कापा, असं चार बाजूंना. पाचव्या कापात पहिल्याच बाजूची 3 सेंटिमीटर रुंद चिंधी काढा आणि तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजा. चारही वळणांची चूक तिथे साठलेली असते. टोकांत 2 मिलिमीटरचा फरक आला आणि चिंधी 50 सेंटिमीटर लांब असली, तर चार भागून अर्धा मिलिमीटर. तेवढी पट्टी सरकवा, पुन्हा चाचणी घ्या, मग दुसरा स्क्रू पक्का करा. सॉफ्टवेअरमध्ये चूक चौपट करून दाखवणारी टेस्ट फुकटात मिळत नाही. मला याचा हेवा वाटतो.

एक स्पष्ट सांगते. साइटवर सर्रास मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून प्लाय कापतात. त्याला खालचं झाकण नसतं. ते आपण करायचं नाही, कुणी कितीही सवयीचा असला तरी. कापताना सुटणाऱ्या तुकड्याला खालून आधार हवा, नाहीतर पातं चिमटतं आणि मशीन मागे उसळतं.

आपल्या वेळी कार्यानुभवात मुलींना शिवणकाम होतं आणि मुलांना लाकूडकाम. खडूची खूण, कापण्याआधी दोनदा मोजणं, दोऱ्याइतका फरक ओळखणं हे मी तिथेच शिकले, म्हणून तक्रार अर्धीच आहे. पण या वेळी नववीच्या मुलींना रूळ बनवायला आणि पाच कापांची मापं घ्यायला बोलवावं, अशी मुख्याध्यापकांना विनंती आहे. करवत मात्र मोठ्यांच्याच हातात.

पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार, सकाळी 8 वाजता, मागच्या पटांगणात. गॉगल आणि मास्क आणा, ओढणी आणि सैल बाह्या घरी ठेवा, आणि ज्यांच्याकडे क्लॅम्प आहेत त्यांनी कृपया चहाच्या वेळी मला भेटा. मला अजून सहा हवेत.