ठरावापासून तळ्यापर्यंत : विकासकामे कोणी तपासायची?

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हांस विषय दिला तो 'शासकीय विकासकामांचे संनियंत्रण आणि मूल्यमापन'. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतील काही तरुण चहाकडे वळले, हे आम्ही पाहिले. त्यांचा दोष नाही, शब्दच जड आहेत. म्हणून आम्ही सुरुवात आपणा सर्वांच्या ओळखीच्या ठिकाणापासून, महाडपासून करतो.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदोपत्री काम पूर्ण झाले. मुंबईत कोणी अहवाल मागितला असता तर 'महाड : अंमलबजावणी झाली' असेच लिहून गेले असते. प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याचे पाणी आपल्या एकाही माणसाच्या ओंजळीत आले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर चालत गेले, तेव्हा तो ठराव खरा की खोटा हे जगाला कळले. पुढे ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागेही घेतला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले.

महाडचा संग्राम मानवी हक्कांचा होता, हे सांगावयास नको. परंतु त्यात आमच्या विषयाचा गाभाही आहे. ठराव, मंजुरी, खर्च ही एक बाजू, आणि ज्याच्यासाठी ते केले त्याच्या हाती काय पडले ही दुसरी. काम चालू असताना ते ठरल्याप्रमाणे होते की नाही हे पाहत राहणे म्हणजे संनियंत्रण. काम झाल्यावर त्याचा उपयोग कोणाला, किती झाला हे तपासणे म्हणजे मूल्यमापन. याहून अधिक व्याख्येची गरज आम्हांस वाटत नाही.

मोठ्या प्रकल्पांतही हीच गोष्ट दिसते. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खर्च धरला होता सुमारे ३७२ कोटी रुपये. पुढे तो अठरा हजार कोटींच्या वर गेला. २०१२ साली राज्यात सिंचनाचा मोठा वाद झाला तो आपणास आठवत असेल. राज्याच्या आर्थिक पाहणीच्या आधारे असे म्हटले गेले की दहा वर्षांत हजारो कोटी खर्चूनही सिंचनाखालील क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले. जलसंपदा खात्याला हे मान्य नव्हते. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले. त्या वादातील राजकारण आम्ही बाजूला ठेवतो. विद्यार्थ्यांनी त्यातील दोन शब्द मात्र लक्षात ठेवावेत : 'निर्मित सिंचन क्षमता' आणि 'प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र'. धरण बांधले की पहिला आकडा वाढतो. दुसरा वाढण्यासाठी कालवा, वितरिका, शेतचारी पूर्ण व्हावी लागते आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या वाफ्यात पाणी पडावे लागते. पहिला आकडा दाखवून दुसऱ्याचे समाधान मानणे ही फसवणूक फार जुनी आहे.

आपल्या वाट्याच्या निधीचेही असेच. अनुसूचित जातींसाठी विशेष घटक योजना १९७९-८० पासून आली. लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा ठेवायचा आणि तो दुसरीकडे वळवायचा नाही, हे तिचे तत्त्व. २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीत हाच निधी शेकडो कोटींनी स्पर्धांच्या कामांकडे वळविल्याचे उघड झाले. आंध्र प्रदेश आणि कर्नाटक या राज्यांनी २०१३ मध्ये या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. महाराष्ट्रातही असा कायदा व्हावा ही मागणी जुनी आहे. ती रास्त आहे, असे आमचे मत आहे.

परंतु आज आम्हांस मुंबई-दिल्लीपेक्षा वस्तीबद्दल बोलावयाचे आहे. ज्या योजनेला आपण सवयीने दलित वस्ती सुधार योजना म्हणत आलो, तिच्यातून रस्ते, गटारे, पाणी, दिवे, समाजमंदिरे होतात. डिसेंबर २०११ च्या शासन निर्णयात वस्तीच्या लोकसंख्येनुसार २ लाखांपासून २० लाखांपर्यंत रक्कम ठरविलेली होती. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडून मंजुरी, ग्रामपंचायतीमार्फत काम, अशी ही व्यवस्था. रक्कम लहान वाटते, पण वस्तीला पुन्हा काम मिळायला वर्षे जातात. एकदा वाया गेले की तेवढी वर्षे चिखल तुडवावा लागतो.

२०१६ च्या पावसाळ्यानंतर आमच्या अभ्यास मंडळाने अशाच एका वस्तीतील रस्ता आणि गटार पाहावयाचे ठरविले. गावाचे नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे आज या सभेत बसलेली आहेत. आम्ही सहा जण होतो. दोन निवृत्त शिक्षक, एक एस. टी. वाहक आणि तीन महाविद्यालयीन मुले. बरोबर ३० मीटरची टेप आणि माहितीच्या अधिकारात मिळविलेले अंदाजपत्रक. रस्ता १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड असा कागद म्हणत होता.

लांबी बरोबर निघाली. शेवटच्या २० मीटरांत मात्र रुंदी कमी भरली. आमच्यातील एका तरुणाने तेथेच शाखा अभियंत्याला चार लोकांसमोर चोर म्हटले, आणि आम्ही त्याला थांबविले नाही. नंतर मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळाली. तीत त्या तुकड्याची रुंदी कमीच नोंदविलेली होती आणि बिलही तेवढ्याचेच काढलेले होते. रुंदी का कमी झाली? तर तेथे आपल्याच तीन घरांचे ओटे पुढे आलेले होते आणि कोणी ते मागे घ्यायला तयार नव्हते. आम्ही त्या अभियंत्याच्या कार्यालयात जाऊन माफी मागितली. ती गोष्ट सोपी गेली नाही.

जाडीचे मात्र निराळे झाले. नळजोडणीसाठी रस्ता जेथे जेथे कापला होता, तेथे कडा उघड्या होत्या. पाच ठिकाणी मोजले. कोठे १० सेंटीमीटर, कोठे १२, सरासरी ११. वादाचा तुकडा सोडून उरलेल्या १०० मीटरांचा हिशेब मुलांनी वस्तीतच मांडला : १०० गुणिले ३ गुणिले ०.०४ म्हणजे १२ घनमीटर. गावच्या भाषेत चार ब्रासहून अधिक काँक्रीट रस्त्यात पडलेच नव्हते. मोजमाप पुस्तिकेत जाडी १५ लिहिलेली.

गटाराची लांबी, रुंदी, खोली सर्व काही कागदाप्रमाणे होते. आम्ही 'ठीक' असा शेरा लिहीत होतो, इतक्यात शेवटच्या घरातील आजीबाई म्हणाल्या, "बाबांनो, मोजता काय? एक घागर ओतून बघा की." ओतली. पाणी पुढे जाण्याऐवजी त्यांच्या उंबऱ्याकडे मागे आले. उतारच उलटा दिलेला. एवढी पुस्तके वाचून आम्ही जे तपासले नव्हते ते त्या माउलीने घागरभर पाण्याने तपासले. तेव्हापासून आमच्या पाहणीत घागर असतेच.

खरी अडचण पुढे आली. काम ग्रामपंचायतीच्या नावावर असले तरी ते केले होते एका ठेकेदाराने, आणि तो आपल्याच समाजाचा, मंडळाच्या जयंती उत्सवाला दरवर्षी मोठी वर्गणी देणारा. बैठकीत दोन तट पडले. काही ज्येष्ठ म्हणाले, आपली धुणी चव्हाट्यावर कशाला? पहिल्यांदाच आपल्या माणसाला ठेका मिळू लागला आहे. त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण दुसऱ्यांच्या ठेक्यांवर कोणी टेप लावत नाही हेही खरे आहे. परंतु ज्या आजीबाईंच्या घरात घाण पाणी शिरते त्यांनी ठेकेदाराची जात विचारून समाधान मानावे काय? शेवटी मतदान घेतले. एका मताने ठरले की अहवाल ग्रामसभेत ठेवायचा. त्या वर्षी वर्गणी आली नाही, आणि दोन सभासद मंडळ सोडून गेले. त्यांपैकी एक आज समोर बसले आहेत याचा आम्हांस आनंद आहे.

ग्रामसभेनंतर गटार उकलून नव्या उताराने घातले गेले. ठेकेदाराची अनामत अद्याप परत दिलेली नव्हती, म्हणून हे होऊ शकले. अनामत परत गेल्यावर जाग आली तर हाती काही राहत नाही, हे ध्यानात घ्यावे. जाडीच्या तुटीची वसुली मात्र झाली नाही. पुन्हा तपासणी झाली, नवा अहवाल गेला, अधिकारी बदलले, फाइल कोठेतरी आहे. आम्ही स्मरणपत्रे पाठवितो.

विद्यार्थ्यांनी कायद्याची बाजू नीट वाचावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात केवळ कागदाच्या प्रती नव्हेत, तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. अर्ज दहा रुपयांचा, उत्तराची मुदत तीस दिवसांची. मागताना 'सर्व माहिती द्या' असे लिहू नये. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला, एवढी नावे स्वच्छ लिहावीत. हा कायदा आकाशातून पडला नाही. राजस्थानात डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना येथे मजूर-शेतकऱ्यांनी जनसुनावणी भरविली, गावातील कामांच्या नोंदी मोठ्याने वाचल्या, आणि जे कधी झालेच नाही ते काम कागदावर झालेले लोकांनी कानांनी ऐकले. पुढे २००५ च्या रोजगार हमी कायद्यात सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आली, तिच्यामागे ही परंपरा होती.

सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्या पदाला बाबासाहेबांनी किती महत्त्व दिले होते, हे आपल्यात फारसे सांगितले जात नाही. ३० मे १९४९ रोजी घटना समितीत नियंत्रक व महालेखापरीक्षकाविषयी बोलताना, हा बहुधा घटनेतील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी होय, असे मत त्यांनी मांडले होते. दिल्लीतला तो अधिकारी आपल्या गटारापर्यंत येणार नाही, तेथे आपणच जायचे आहे.

आता एक काम सांगून थांबतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेपूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील एकच काम निवडावे. पाहणीला किमान दोन भगिनी असाव्यात. अभियंत्याला आधी कळवावे, त्याला बोलवावे, आणि मोजमाप पुस्तिका पाहिल्याशिवाय कोणावरही आरोप करू नये. टेप मंडळाच्या कपाटात आहे. नेणाऱ्याने वहीत नाव आणि तारीख लिहावी, मागच्या खेपेची टेप अद्याप परत आलेली नाही.

जय भीम.