पुलाचं कर्ज आणि आपली सर्वसाधारण सभा

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



अमेरिकेत शहराच्या कामांसाठी कर्ज काढायचं की नाही हे लोक मतदान करून ठरवतात, त्यावर बोला, असं मला समितीने सांगितलं. विषय लांबचा वाटेल. पण ज्यांची मुलं, नातवंडं कॅलिफोर्नियात आहेत असे बरेचजण समोर बसलेत. गोल्डन गेट पुलासमोर उभं राहून काढलेला फोटो त्यांच्या घरी नक्की असणार. तर त्या पुलापासूनच सुरुवात करू.

तो पूल सरकारी अनुदानातून झालेला नाही. १९२८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि उत्तरेकडचे काही जिल्हे मिळून एक स्वतंत्र संस्था झाली, आणि ४ नोव्हेंबर १९३० ला तिथल्या मतदारांपुढे प्रश्न ठेवला गेला: साडेतीन कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायचे का? महामंदी सुरू झालेली, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. आणि तारण काय? पूल तारण ठेवता येत नव्हता, कारण पूल नव्हताच. तारण होतं लोकांची घरं, शेतं, दुकानं. टोल कमी पडला तर मालमत्तेवर कर बसणार, हे आधी सांगितलेलं होतं. तरी १,४५,०५७ लोकांनी हो म्हटलं आणि ४६,९५४ लोकांनी नाही.

मंजुरी मिळाली म्हणजे पैसे आले असं नव्हे. मंदीत रोखे घ्यायला कुणी पुढे येईना. शेवटी १९३२ मध्ये बँक ऑफ अमेरिकेचे जियानिनी यांनी ते उचलले. जानेवारी १९३३ मध्ये काम सुरू झालं आणि मे १९३७ मध्ये लोक पुलावरून चालत गेले. शेवटचा रोखा फिटला १९७१ साली. मुद्दल साडेतीन कोटी, व्याज जवळपास तीन कोटी नव्वद लाख, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त, आणि सगळं टोलमधून. टोल मात्र अजून चालू आहे! (हशा) तो आता पुलाच्या देखभालीला आणि त्याच संस्थेच्या बस आणि बोटींना जातो. टोल म्हटलं की आपल्याकडे कपाळाला आठ्या पडतात, पण निदान तिथे तो कशाला जातो हे माहीत असतं.

आता आजची पद्धत. सॅन फ्रान्सिस्कोला रस्ते, दवाखाने, अग्निशमन केंद्रं यांसाठी मालमत्ता करातून फेडायचं मोठं कर्ज काढायचं असेल, तर मतदारांची मंजुरी लागते, आणि तीही दोन तृतीयांश. निम्म्याहून एक मत जास्त, एवढ्यावर भागत नाही. जून २०२२ मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहतुकीसाठी आणि रस्त्यांच्या सुरक्षिततेसाठी चाळीस कोटी डॉलरचा प्रस्ताव आला. पासष्ट टक्के लोकांनी बाजूने मत दिलं, आणि प्रस्ताव पडला! शंभरातले पासष्ट हो म्हणतात आणि उरलेले पस्तीस जिंकतात. मला हे थोडं जाचक वाटतं, पण त्यामागचा विचार समजतो: वीस-तीस वर्षांचं कर्ज आहे, अजून शाळेत असलेली मुलंसुद्धा ते पुढे फेडणार, तेव्हा काठावरच्या बहुमतावर ते काढू नये.

मला सगळ्यात आवडली ती तिथली मतदारांची पुस्तिका. निवडणुकीआधी ती प्रत्येक मतदाराला मिळते. प्रत्येक प्रस्तावाबद्दल चार गोष्टी असतात: आज काय स्थिती आहे, प्रस्ताव काय आहे, हो म्हटलं तर काय होईल, नाही म्हटलं तर काय होईल. भाषा आठवीच्या मुलाला कळेल अशी ठेवायची, यासाठी वेगळी समिती आहे. खर्च किती आणि करावर परिणाम किती, हे शहराचा हिशेब सांभाळणारा अधिकारी लिहून देतो, प्रस्ताव मांडणारे नव्हेत. पुढे समर्थकांचं म्हणणं, आणि त्याच्या शेजारीच विरोधकांचं. शहराच्या खर्चाने छापलेल्या पुस्तिकेत शहराच्याच प्रस्तावाच्या विरोधातला मजकूर! आपल्याकडे असं पत्रक निघालं तर छापखान्यातच कुणीतरी अडवेल.

मंजुरीनंतर पैशांवर नजर ठेवायला नागरिकांची एक समिती आहे. ती २००२ साली लोकांनीच मतदानाने नेमून घेतली. रस्त्यांचा कर्जप्रस्ताव २००५ मध्ये पडला होता. त्यानंतर शहराने दहा वर्षांचा भांडवली कामांचा आराखडा करायला सुरुवात केली आणि एक शिस्त लावून घेतली, की जुनं कर्ज फिटेल तसंच नवं काढायचं, कर्जासाठीचा कर २००६ च्या पातळीवर चढू द्यायचा नाही. २०११ मध्ये रस्त्यांसाठी चोवीस कोटी ऐंशी लाखांचा प्रस्ताव पुन्हा आला आणि मंजूर झाला. रस्ते त्याच शहराचे आणि खड्डेही तेच. यामागे इतरही कारणं असतील, पण कर किती वाढणार याचं उत्तर हातात असलं की माणूस वेगळा विचार करतो, असं मला वाटतं.

सगळं आलबेल आहे असं नाही. १९७८ च्या कायद्यामुळे कॅलिफोर्नियात घराची करपात्र किंमत खरेदीच्या वेळची धरतात, आणि ती दरवर्षी फार तर दोन टक्क्यांनी वाढते. त्यामुळे चाळीस वर्षं राहणारे काका आणि गेल्या वर्षी आलेलं तरुण जोडपं, घरं शेजारी-शेजारी, सारखीच, पण त्याच कर्जापोटी जोडपं कितीतरी पट भरतं. आणि एक मजा सांगतो. २००८ मध्ये तिथल्या जनरल हॉस्पिटलच्या नव्या इमारतीसाठी मतदारांनी अठ्ठ्याऐंशी कोटी चौऱ्याहत्तर लाख डॉलर मंजूर केले. पुढे फेसबुकच्या झुकरबर्ग दांपत्याने साडेसात कोटी दिले, आणि हॉस्पिटलला नाव लागलं झुकरबर्गांचं. पाटीवर नाव कुणाचं, यावरून भांडणं फक्त आपल्या गणपती मंडळात होतात असं समजू नका.

आपल्या पुण्यात काय आहे? २०१७ मध्ये महापालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी दोनशे कोटींचे कर्जरोखे काढले, ७.५९ टक्के व्याजाने. निर्णय झाला तो पालिकेच्या पातळीवर. तुम्हाला-मला कुणी विचारलं नाही, आणि कायद्याने विचारायची गरजही नव्हती. २००६ पासून अंदाजपत्रकात नागरिकांनी आपल्या भागातली छोटी कामं सुचवायची सोय आहे. ती चांगली आहे, जरूर वापरा. पण सुचवणं वेगळं आणि मंजूर करणं वेगळं.

खर्चावर आपण स्वतः हात वर करून मत देतो अशी जागा एकच, आपली सर्वसाधारण सभा. आणि तिच्यापुढे मोठा विषय येणार आहे. इमारत पंधरा ते तीस वर्षांची असली की उपविधींप्रमाणे दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, तिशीनंतर दर तीन वर्षांनी. आपण पंचविशीत आहोत. गच्चीची गळती, पिलरना गेलेले तडे सगळ्यांना दिसतात. सिंकिंग फंड आहे ना, असं कुणी म्हणेल. तो वर्षाला निदान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, पण कशाच्या? बांधकामाच्या मूळ खर्चाच्या. समजा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च तेव्हा पाच लाख होता. सिंकिंग फंडात वर्षाला साडेबाराशे, पंचवीस वर्षांत एकतीस हजार दोनशे पन्नास, वर व्याज. एवढ्यात आज एका फ्लॅटच्या बाहेरच्या भिंतीचं प्लास्टर तरी होईल का, तुम्हीच सांगा. म्हणजे जादा वर्गणी किंवा कर्ज, दोन्हींपैकी काहीतरी येणार.

आणि आपल्या नोटिशीत विषय कसा येतो? ‘इमारत दुरुस्तीबाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे.’ कधी तर थेट ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’. (हशा) मग सभेत आवाज चढतात, आणि पुढचे सहा महिने लिफ्टमध्ये बोलणं बंद.

माझी समितीला विनंती आहे, या वेळी नोटिशीबरोबर दोन पानं घरोघरी द्यावीत. पहिल्या पानावर: काम कोणतं, ऑडिटरने काय लिहिलंय, प्रत्येक फ्लॅटमागे किती रुपये, किती हप्ते, शेवटचा हप्ता कोणत्या महिन्यात, हो म्हटलं तर काय, नाही म्हटलं तर काय. काम सुरू झाल्यावर बिलं तपासायला समितीबाहेरचे तीन सभासद, आणि त्यांचा हिशेब दर महिन्याला नोटीस बोर्डावर. दुसरं पान विरोधकांचं. ते तळमजल्यावरच्या कुणीतरी लिहावं असं मला वाटतं. लिफ्ट ते वापरत नाहीत, गच्ची त्यांच्या डोक्यावर गळत नाही, आणि पैसे मात्र सगळ्यांइतके भरतात. त्यांचं म्हणणं सभेत ओरडून ऐकण्यापेक्षा आधी घरी बसून वाचलेलं बरं.