बारीक बाळाची गोष्ट
(चाळीसगाव येथे साक्षरता वर्गातील भगिनींपुढे केलेले भाषण)



घरात सून गरोदर राहिली, की जाणती माणसे सांगतात, "पोरी, बेताने खा. बाळ मोठे झाले तर बाळंतपण जड जाईल." त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांनी अडलेल्या बाया पाहिलेल्या असतात. पण हा सल्ला बरोबर आहे का? आज आपण याचाच विचार करू.

कणगीत दाणे किती उरले, ते पाहून घरची बाई चूल चालवते. आपल्या अंगातली चरबी ही अशीच एक कणगी आहे. मात्र ती नुसती पडून राहत नाही. तिच्यातून एक रस रक्तात उतरतो आणि साठा किती आहे ते मेंदूला कळवतो. या रसाला लेप्टिन म्हणतात. त्याचा शोध १९९४ साली लागला.

गरोदरपणी वारसुद्धा लेप्टिन तयार करते. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या अंगावर चरबी धरते. मग बाळाचे लेप्टिनही वाढते. म्हणून नाळेतले रक्त तपासले, की बाळाच्या चरबीचा अंदाज येतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांची पाहणी सुरू केली. या बाया तुमच्यासारख्याच शेतात राबणाऱ्या. त्यांच्या बाळांचे वजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो होते. बाळांच्या पाठीवरची कातडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा नवल दिसले. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण कातडीखालची चरबी तेवढी कमी नव्हती!

पुढे पुणे आणि लंडन येथील बाळांच्या नाळेचे रक्त तपासले. २००२ साली त्याची माहिती छापून आली. वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांत लेप्टिन जास्त होते.

याचा अर्थ काय? पोटात ओढाताण झाली, की बाळ चरबी राखते आणि स्नायूंवर काटकसर करते. असे मूल पुढे मोठे झाले, बसून खाऊ लागले, की त्याला मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे आईच्या ताटातली उणीव मुलाला चाळिशीत भोवते.

मग काय करावे? त्याच सहा गावांत आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आया पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरली. ज्यांच्यावर कष्टाचा भार जास्त, त्यांची बाळे लहान राहिली.

पालेभाजी आपल्याला काही परकी नाही. कळण्याच्या भाकरीबरोबर पोकळा किंवा मेथी घ्या. केळी तर आपल्या जिल्ह्यातच पिकतात. कपभर दूध चहात न घालता गर्भारणीला द्या. पाण्याचा हंडा दुसऱ्या कोणी उचलावा. दवाखान्यात वेळेवर वजन करा, रक्त तपासा. बाळंतपण अवघड जाईल असे वाटले, तर त्यावर उपाय दवाखान्यात आहे. तो उपाशी राहण्यात नाही.

आम्ही पुष्कळ घरांत पाहतो, सून सर्वांच्या मागून जेवते आणि तळाशी उरले ते खाते. सासूबाई, आज घरी गेल्यावर पहिले ताट तिला वाढा. त्या ताटावर दोघे जेवणार आहेत.