चौकशी आणि विचारपूस

माणसाची चौकशी करणे आणि त्याची विचारपूस करणे, या दोहोंत मोठे अंतर आहे. अहमदाबादेतील छारानगरच्या लोकांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आली ती चौकशीच. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. पुढे छाराही त्या यादीत आले. हे आपल्याकडील कंजारभाटांचे भाऊबंद. १९५२ साली तो कायदा रद्द झाला; पण शिकलेल्या मुलाने वस्तीचे नाव सांगितले की समोरच्याचा चेहरा बदलावयाचा, हे काही थांबले नाही.

१९९८ च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर हा तरुण पोलिसांच्या ताब्यात मरण पावला. आत्महत्या, असे पोलीस म्हणाले. महाश्वेतादेवींनी ते मानले नाही. प्रकरण कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले आणि बुधनच्या विधवेला नुकसानभरपाई देण्याचा आदेश झाला. महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी त्याच वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. छारानगरात एक लहानसे वाचनालयही सुरू झाले. नाटकाआधी पुस्तके आली, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

तेथील तरुणांच्या हाती बुधनची हकीगत आली. मुलूख परका, भाषा निराळी. पण हकीगत घरचीच! ३१ ऑगस्ट १९९८ रोजी त्यांनी आपल्याच वस्तीत ‘बुधन’ हे नाटक केले. नाटककार दक्षिण बजरंगे त्याच वस्तीतले. नेपथ्याचा थाट नाही, उंची पोशाख नाहीत. फौजदाराची भूमिका करणाऱ्याला तालीम फारशी लागली नसावी. तो फौजदार त्याने लहानपणापासून पाहिलेला. प्रेक्षकांत बसलेल्या म्हाताऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

यास संशोधन म्हणावे काय, असे एखादे पंडित विचारतील. अवश्य म्हणावे. न्यायालयातील वृत्तान्त एका बाजूस आणि घरातल्या आठवणी दुसऱ्या बाजूस ठेवून ही मुले त्यांचा मेळ घालीत होती. अभ्यासक याहून निराळे काय करतो? फरक एवढाच, की ज्यांच्याविषयी आजवर इतरांनी लिहिले, ते येथे स्वतःविषयी बोलत होते आणि प्रेक्षकांनाच प्रश्न विचारीत होते.

पुढे या मंडळींनी पिन्या हरी काळे या पारध्याच्या पोलीस कोठडीतील मृत्यूवरही नाटक केले. तो आपल्या बारामतीकडचा. नाटकाच्या वेडाचा अभिमान मिरविणारा मी मराठी माणूस. बारामतीची ती हकीगत मला प्रथम कळली ती अहमदाबादच्या मुलांच्या हिंदी नाटकामुळे.